चादरीवरची हजेरी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ताईच्या चादरीवर एका सकाळी बेचाळीस पतंग बसले होते. महिनाअखेर एकोणीस. मग अकरा, नऊ, परत अकरा, मग सहा. गणितात मी आयुष्यभर काठावर पास झालेली बाई, पण ही उतरंड कुठे जाऊन टेकणार ते मलाही दिसत होतं. आणि त्या शून्याची मला जी धास्ती बसली होती, तशी स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टचीही कधी बसली नव्हती.

पतंग म्हणजे दोरा बांधून उडवायचे नव्हेत. दिव्यावर येतात ते. फुलपाखरांचे रात्रपाळीवाले भाऊबंद.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने एका छापखान्यात प्रुफं तपासली. मार्चमध्ये भाऊजी गेले आणि एप्रिलमध्ये मी तिला माझ्याकडे आणलं. आणलं म्हणजे काय, दोन बॅगा आणि एक उशी घेऊन ती आली आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली. मे गेला, जून गेला. सकाळी मी कामाला निघताना ती तशीच, दुपारी जेवायला यावं तर तशीच. केस विंचरलेले नाहीत, उशाच्या चहावर साय धरलेली. “ताई, उठतेस ना?” म्हटलं की “उठते” म्हणायची. एकदा तरी अंगावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आमची ताई म्हणजे लोकांच्या लग्नपत्रिकेत लाल खुणा करून ती परत पाठवणारी बाई. तिने इतक्या गरीब आवाजात “उठते” म्हणावं आणि उठू नये, हे मला बघवेना.

तिला उठवलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. दुखत होती खरं तर माझी दाढ. खुर्चीत आडवी पडले, तोंडाचा आ केला, तर वर छताला पतंगांचे ताटाएवढे फोटो चिकटवलेले. दाढ कोरता कोरता बाई सांगत होत्या, की गावात बावीस घरांतले लोक रोज सकाळी आपापल्या दिव्याजवळचे पतंग मोजतात आणि महिन्याच्या महिन्याला नोंदी त्यांच्याकडे पाठवतात. “तुमच्या बाजूला मात्र कुणीच नाही. तुम्ही मोजाल?” माझ्या तोंडात दोन नळ्या आणि बचकभर कापूस. नाही म्हणायची सोयच नव्हती. मी “आं” म्हटलं, त्या “छान” म्हणाल्या. निघताना माझ्या हातात गोळ्यांची चिठ्ठी, एक कोरी वही आणि एक पुस्तिका.

पण मी पडले पक्षीवाली. गेली तेरा वर्षं गॅलरीतून आणि मी काम करते त्या दुकानाच्या खिडकीतून जे पाखरू दिसेल ते डायरीत टिपते. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. पतंगांसाठी आणखी डोळे कुठून आणू? मी वही ताईच्या उशाशी ठेवली. “तू बघ बाई, मला हे सगळे सारखेच दिसतात.”

चार दिवस वही तशीच पडून. पाचव्या दिवशी सकाळी मी उठले तर ताई गॅलरीतल्या दिव्याखाली, नाक भिंतीला टेकवून उभी.

“सारखे?” मागे न वळता ती म्हणाली. “डोळे आहेत की बटणांची काजं?”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

तेव्हापासून आमच्या गॅलरीत पांढरी चादर ताणून बांधलेली असते. तिच्यासमोर दिवा, खाली अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवलेले. दिवा रात्रभर आपला जळतो, आम्ही आपल्या झोपतो. उजाडता उजाडता ताई भिंग आणि पेन्सिल घेऊन हजेरीला जाते. काही पतंग चादरीवर असतात, काही ट्रेच्या खळग्यांत अंग चोरून बसलेले. गारठ्यात ते हलत नाहीत, त्यामुळे निवांत बघता येतं. मोजून झालं की एकेकाला जाड कागदावर घ्यायचं आणि कुंड्यांच्या मागे पाल्यात सोडायचं. पुस्तिकेतली हातभर लांब नावं ताई वहीत लिहायची, पण बोलताना घरचीच नावं. राखाडी तो राखाड्या. पंखांवर दोन गोल ती चष्मेवाली. आणि पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान दिसणारा जो जाडा, तो हेडक्लार्क.

“हेडक्लार्क आलेत का आज?” मी आतून विचारायची.

“आलेत. सही न करताच झोपलेत.”

नोव्हेंबर लागला, रस्त्यावरची झाडं रिकामी व्हायला लागली आणि माझा दरवर्षीचा पाहुणा आला. थिरथिरा. चिमणीएवढा, पाठ काळसर, पोट विटकरी, आणि शेपटी सदा थरथरत असलेली, थंडी वाजल्यासारखी. कुठून कुठून येतो आणि हिवाळाभर आमच्या कठड्यावर मुक्काम ठोकतो. या वर्षी आला तो सरळ चादरीवर. एक झेप आणि चष्मेवालीचे दोन पंख तेवढे फरशीवर राहिले.

“धाकटे! तुझ्या त्या थरथऱ्याने माझी नोंद खाल्ली!”

“अगं, पाहुणा आहे तो.”

“पाहुण्याने वाढलेलं खावं. दुसऱ्याच्या ताटात चोच घालू नये.”

“मग तू त्याच्या आधी उठ.”

“उठतेच. बघू कोण आधी येतं ते.”

आणि खरंच ती सहाच्या आत उठायला लागली. साठी उलटलेली बाई वीतभर पाखराशी शर्यत लावून बसली. केस विंचरून, कारण कपाळावरच्या बटा भिंगाच्या आड येतात म्हणे. चहा गरम असताना प्यायची. माझ्या मते सगळ्या टॉनिकांपेक्षा थिरथिरा स्वस्त आणि गुणकारी.

पण थंडी वाढत चालली. पाच. चार. तीन. ज्या दिवशी दोनच होते, त्या दिवशी ताई पाच मिनिटांत आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

“संपत आलं,” म्हणाली.

पतंगांबद्दलच म्हणाली असेल. पण म्हणता म्हणता तिने पांघरूण पुन्हा पायांवर ओढून घेतलं. हे शून्यावर आलं की ही उठणार कशासाठी? पुन्हा ती भिंत, पुन्हा ते “उठते”.

मग मी जे केलं ते सांगते. चांगलं केलं असं म्हणत नाही.

मी दुकानात कपडे उसवून बेतायचं काम करते. कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं, अस्तर बदलणं. बटणांच्या लहान पारदर्शक डब्या माझ्या पर्समध्ये कायम असतात. दुसऱ्या दिवशी कामाला निघताना मी हळूच कुंड्यांमागे वाकले. ताईने सकाळी सोडलेला राखाड्या गारठून तिथेच बसला होता. घेतला डबीत. रात्री डबी गार जागी ठेवली आणि पहाटे पाचला पाणी प्यायच्या निमित्ताने उठून त्याला चादरीवर नेऊन बसवला. बिचारा बसला. त्याला काय, हे नाही तर ते.

“तीन आहेत गं,” ताई सकाळी म्हणाली.

“बघ! तू म्हणत होतीस संपले.”

असे दहा दिवस गेले. कधी तीन, कधी चार. एकेका पतंगाने दोन-दोन, तीन-तीन दिवस हजेरी लावली. मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश, की ताई हल्ली वहीवर जास्त वेळ वाकलेली असते आणि कमी बोलते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. थंडीमुळे असेल, म्हटलं.

मग कुंड्यांमागेही कुणी मिळेना. नेमका त्याच दिवशी दुकानात एक लोकरीचा कोट आला. हिवाळ्याच्या तोंडाशी लोक वर्षभर ट्रंकेत पुरलेले कोट बाहेर काढतात. याची कॉलर उलटली, तर आत कसर लागलेली. दोन इवलेसे सोनेरी पतंग तुरुतुरु पळाले.

आमचे मास्तर, म्हणजे दुकानाचे मालक, कात्री टाकून उभे राहिले. “बाहेर! बाहेर न्या तो कोट! सगळ्या मालाला लागेल.”

मी कोट बाहेर नेऊन झटकला, पण त्याआधी ते दोघं डबीत घातले.

“हे काय, पाळणार की काय?” मास्तर म्हणाले.

“ताईला नेते.”

“आमच्याकडे लोक घरच्या माणसांना फळं नेतात,” म्हणाले आणि पुन्हा कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या दोघांना चादरीवर सोडून पांघरुणात शिरले. सहाला ताई गेली. नेहमीसारखी खुडबुड ऐकू येईना. मग हाक आली, हळू आवाजात. ताई ओरडली की भ्यायचं कारण नसतं. हळू बोलली की असतं.

“धाकटे, इकडे ये.”

गेले.

“हे काय आहे?”

“पतंग.”

“ते मला दिसतंय. ही कसर आहे. आईच्या शालीला लागली होती ती. ट्रंकेचं झाकण उघडलं की अंधाराकडे पळायची, आठवतं? हिला उजेड सोसत नाही. ही दिव्यावर येत नाही, धाकटे. कध्धी येत नाही.”

साक्ष द्यायला बोलावल्यासारखा त्यातला एक तुरुतुरु पळत चादरीच्या घडीत शिरला.

“कधीपासून चाललंय?”

तिने वही उघडून माझ्यासमोर धरली. समासात बारीक पेन्सिलीने प्रश्नचिन्हं. एक नाही, आठ-नऊ.

“उजवा पंख फाटलेला राखाड्या,” ती बोट ठेवत म्हणाली. “बावीस तारखेला. तेवीसला. पंचवीसला परत. पहिल्यांदा वाटलं, असेल दुसरा. मग वाटलं तोच आहे. मग वाटलं, तोच कसा असेल, याला मी माझ्या हाताने खाली सोडला.” ती थांबली. “परवा तू कामाला गेल्यावर मी डोळे तपासून आले.”

“एकटी?”

“एकटीच. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग मला वाटलं, डोळे उत्तम आहेत, म्हणजे माझं डोकं बिघडत चाललंय. दोन रात्री हाच विचार करत पडलेय मी.”

शून्य आलं तर काय, एवढंच मी धरून बसले होते. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“ताई, मी तुझ्यासाठीच गं…”

“ते कळलं. कुठल्या कुठल्या दिवशी?”

“नीट आठवत नाही.”

तिने डोळे मिटून घेतले. फसवणूक तिने एक वेळ माफ केली असती, पण तारखा न ठेवता केलेली फसवणूक म्हणजे हद्द होती. दहा वाजता तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “वीस तारखेपासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी रद्द धरा. हो, सगळ्या. घरात जरा घोळ झाला.” माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर हलकं वाटलं असतं. फोन ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या सकाळी उठली नाही. तिसऱ्या सकाळी नाही, चौथ्या सकाळी नाही. मी संध्याकाळी न चुकता दिवा लावत होते, सकाळी बंद करत होते. चादरीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. “ताई, उठतेस ना?” “उठते.” चहावर साय. शून्य येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि शून्य यायच्या आधीच मी तिला परत निजवून ठेवलं होतं. दुकानात दोन पँटींच्या कंबरा उलट्या बेतल्या. मास्तरांनी नुसती उसवायची कात्री काढून माझ्यासमोर ठेवली.

पाचव्या सकाळी माझ्याच्याने राहवेना. ती नाही तर मी बघीन, म्हटलं, चोख बघीन, खरं तेच लिहीन. गॅलरीत गेले. चादर वरपासून खालपर्यंत बघितली. कोणी नाही. ट्रे बघितले. कोणी नाही. थिरथिरा कठड्यावर शेपूट हलवत बसलेला. मी वहीत तारीख घातली आणि पुढे शून्य लिहिलं.

खोलीच्या दारात उभी राहून म्हटलं, “ताई, आज शून्य. मी लिहिलंय.”

पांघरूण हललं नाही. मी वळणार एवढ्यात आतून आवाज आला.

“किती वाजता बघितलंस?”

“सव्वासात असतील.”

“तो आला होता?”

“कोण?”

“थरथऱ्या.”

“कठड्यावर होता.”

“मग त्याने खाल्ले नाहीत कशावरून? फरशीवर पंख शोधलेस?”

“नाही.”

“दिव्याच्या वरच्या पत्र्यावर बघितलंस? चादरीच्या मागच्या बाजूने? ट्रे उलटे करून?”

“… नाही.”

“मग ते शून्य नाही. ती रेघ आहे. खोड ते.”

“रेघ कसली?”

पांघरुणातून एक डोळा बाहेर आला. “बघितलंच नाही त्या दिवशी रेघ मारायची. नीट बघितलं आणि कोणी नव्हतं, त्या दिवशी शून्य. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. हिवाळ्यातली शून्यं डॉक्टरीणबाईंना मुद्दाम हवी असतात, त्याशिवाय कोण कधी गेलं आणि कधी परत आलं ते कळायचं कसं? पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिलंय. वाचलीस का पुस्तिका?”

“नाही.”

“पक्षीवाली!” ती म्हणाली. इतक्या तिरस्काराने म्हणाली, की मला आनंदाने उडी मारावीशी वाटली.

म्हणजे ज्या आकड्याला भिऊन मी दहा दिवस पहाटे चोऱ्या केल्या, तो पहिल्या पानावर छापलेला होता. शिकले नाही म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही, पण निदान पहिलं पान वाचत जावं.

“मधल्या तीन दिवसांच्या रेघा मारल्यास?”

“नाही.”

“आण ती वही.”

उशीवरून डोकं न उचलता तिने तीन रेघा मारल्या. माझं शून्य खोडून तिथे चौथी मारली. वही माझ्याकडे दिली आणि परत भिंतीकडे वळली. दिवसभर त्यापुढे काही झालं नाही. संध्याकाळी मी दिवा लावला, आणि झोपताना देवाकडे नाही पण थिरथिऱ्याकडे मागणं मागितलं, की बाबा, उद्या जरा उशिरा ये.

जाग आली ती पायांना गारवा लागून. गॅलरीचं दार उघडं होतं. पावणेसहा. ताईचा पलंग रिकामा. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि दिव्याखाली ताई भाऊजींचा स्वेटर घालून उभी होती. बाह्या तीनदा दुमडलेल्या. मी महिनाभर म्हणत होते लहान करून देते, ती देत नव्हती.

“दार लाव. गारठा आत जातोय.”

मी बाहेर येऊन दार लावलं.

“खिसे दाखव आधी.”

मी गाऊनचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एक सुई-दोरा निघाला.

“ठीक आहे. बॅटरी धर.”

तिने सुरुवात चादरीच्या वरच्या शिवणीपासून केली. एकेक घडी बोटाने उलगडून, ओळ न ओळ वाचल्यासारखी. मग मागची बाजू. मग स्टुलावर चढून दिव्यावरचा पत्रा, मी पाय धरले. मग ट्रे, एकेक खळगा, पुढून आणि मागून. फरशीवर गुडघे टेकून पंख. बेचाळीस होते त्या दिवशीही इतका वेळ लागला नव्हता.

“सकाळी जाग आली ना,” ट्रेच्या आत बघत ती म्हणाली, “की मी डोळेच उघडायची नाही. उघडले की शेजारी कोणी नाही, ते बघायला लागतं.”

मी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

“बॅटरी सरळ धर. हलतोय उजेड.”

सरळ धरली. शेवटचा ट्रे तिने जागेवर ठेवला, गुडघ्यांवर हात रेटून उठली, पेन्सिलीचं टोक बघितलं आणि तारीख घालून पुढे शून्य काढलं. चांगलं गोल, टपोरं. खाली वेळ लिहिली. आकाश कसं ते लिहिलं. थंडी किती ते लिहिलं. एका कोणी-नाहीसाठी चार ओळी झाल्या.

तेवढ्यात थिरथिरा आला. कठड्यावर उतरला, चादर न्याहाळली, मान वाकडी करून आम्हाला न्याहाळलं आणि शेपूट थरथरवली.

“उशीर झाला, राजे,” ताई म्हणाली. “आणि झाला नसता तरी काही नव्हतं.”

तिने दिवा बंद केला. बंद केल्यावर कळलं, की चांगलं उजाडलंय. रस्त्यावर कुणीतरी पानं झाडत होतं.

“उद्यापण शून्यच असेल ना गं?” मी विचारलं.

“उद्याचं आत्ता कसं सांगू?” ती वैतागून म्हणाली. “बघितल्याशिवाय?”